ईव्ह ऑनलाइन, सात महिन्यांनी: घरभेदी आणि इन्व्हर्टरची बॅटरी

गेल्या महिन्यात या ऑनलाइन अंतराळ-गेममधलं आमच्या कॉर्पोरेशनचं, म्हणजे खेळाडूंच्या गटाचं, हँगर (सामायिक कोठार) कोणीतरी धुऊन नेलं, त्या संतापात हे लिहायला घेतलं होतं. आता जरा निवळलोय, पण लिहितोच.

जहाजं, ग्राफिक्स, स्किल ट्रेनिंग यावर सांगत बसत नाही. 2003 पासून चाललेल्या खेळात मी नवखाच. रोजचा डाउनटाइम, म्हणजे सर्व्हर बंद असायची वेळ, आपल्याकडे दुपारी साडेचारला. फोंड्यात आमच्या वाड्यावर पोदेराचा भोंगाही तेव्हाच वाजतो, म्हणून ती माझी पाव आणायची वेळ.

तर, नलसेकमध्ये, म्हणजे गेममधल्या बिनकायद्याच्या अंतराळात, आम्ही मायनिंगला निघालो की शत्रू आधीच दबा धरून. चार वेळा झालं. मग आमच्या प्रमुखाने जुनी युक्ती काढली: तिघा संशयितांना तीन वेगवेगळ्या वेळा सांगायच्या. गेमच्या घड्याळात (ते आपल्या साडेपाच तास मागे) एकाला 16:00, दुसऱ्याला 16:15, तिसऱ्याला 16:30. प्रत्यक्षात कोणीच जायचं नाही. मी एका फुकट्या जहाजात लोकलची यादी, म्हणजे त्या तारामंडळात कोण कोण आहे ती, बघत बसलो. 16:00, शुकशुकाट. 16:15 ला शत्रूंची लाल नावं एकाखाली एक टपाटप उमटली. सात, नऊ, अकरा.

16:15 कोणाला सांगितलं होतं? ज्याने मला प्रोब टाकून स्कॅन करायला शिकवलं, त्याला. पाच महिने रोज रात्री गप्पा मारायचा. माझ्या आईचा गुडघा कसा आहे तेसुद्धा विचारायचा.

प्रमुख ऑफिसात, डायरेक्टरचे अधिकार मलाही होते. त्याचे हक्क काढायला विंडो उघडली आणि वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती. ते पैसे मी वाचवले होते. चाळीस मिनिटांनी परत आलो तर हँगर रिकामं. रिकामी सिस्टीम बघून त्यालाही कळलं होतं, आपण सापडलो.

भरपाई मागायची सोय नाही. खेळातली फसवणूक इथे नियमातच बसते. तीन तारे देणार होतो. पण मग 2009 चं प्रकरण वाचलं: बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य अलायन्स (कॉर्पोरेशन्सची युती) तिच्याच एका डायरेक्टरने गूनस्वार्म या शत्रुगटाला फितूर होऊन आतून मोडली. त्यापुढे आमचं हँगर म्हणजे मासळीबाजारातलं पाकीट. आणि खरं सांगायचं तर, त्या 16:15 च्या वेळी छातीत जे धडधडलं, तसं दुसऱ्या कुठल्या गेमने केलं नव्हतं. साडेचार तारे. अर्धा बॅटरीचा कापला.

आता मीही हेर म्हणून त्या शत्रूंच्या कॉर्पोरेशनकडे भरतीचा अर्ज टाकलाय. दुसरं ओमेगा, म्हणजे पैसे भरून घ्यायचं, खातं परवडत नाही, म्हणून हेराचं खातं फुकटचं अल्फा. अडचण एवढीच, की ते दुसऱ्या खात्याबरोबर एकाच वेळी चालत नाही. भाचा म्हणतो, "मामा, एक माणूस गेला की दुसरा उगवतो, हे त्यांच्या लक्षात येणार नाही?"

सांगेन, वीज गेली होती.