फॉस्फरस आवरण्यासाठी कॅल्शियम की अ‍ॅल्युमिनियम?

मूत्रपिंडे थकलेल्या कुत्र्याच्या रक्तात फॉस्फरस साठतो, पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढते आणि हाडांतील कॅल्शियम उपसले जाऊ लागते, हे पशुवैद्यांनी आपल्याला सांगितले असेलच. मूत्रपिंडाचा खास आहार देऊनही फॉस्फरस उतरत नसेल, तर अन्नातील फॉस्फेट आतड्यातच बांधून ठेवणारे औषध जोडावे लागते. आमच्यापुढे कॅल्शियम कार्बोनेट आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असे दोन पर्याय होते.

आमच्या कुत्रीचा खालचा जबडा तोवर इतका मऊ झाला होता की दाताला नुसते बोट लावले तरी तो हलत असे. कोरडे दाणे तिने केव्हाच सोडले होते. अशा जनावराला कॅल्शियमच द्यावे, हे सकृद्दर्शनी कोणालाही पटेल, आणि आम्ही सुरुवात त्यानेच केली. अडचण आली ती तिच्या खाण्याच्या लहरीची. हे औषध अन्नाबरोबर पोटात गेले तरच फॉस्फेट नीट बांधते. एरवी त्यातील कॅल्शियम रक्तात अधिक शोषले जाते. गोळी देऊन भांडे पुढे सरकवावे आणि तिने दोन घास चाटून तोंड फिरवावे, असे वरचेवर होऊ लागले. गोळी कुटून कालवली, तर तो खडूसारखा चुरा हुंगून ती भांड्याजवळ थांबतही नसे. पुढे रक्तातील कॅल्शियम वरच्या मर्यादेला टेकले. फॉस्फरस चढा असताना असे झाले, की मऊ ऊतींमध्ये, खुद्द मूत्रपिंडातही, क्षार साचू शकतात. कॅल्सिट्रायॉल, म्हणजे कॅल्शियमचे शोषण वाढवणारे ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

अ‍ॅल्युमिनियमची पूड आमच्या कुत्रीला ओल्या अन्नात कळलीदेखील नाही. अन्न अर्धे राहिले तर औषधही अर्धेच पोटात जाते, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला. बद्धकोष्ठता मात्र आम्हालाही चुकली नाही. खरी काळजी अ‍ॅल्युमिनियम अंगात साठण्याची आहे, विशेषतः आजार बळावलेला असून मात्रा मोठी असेल तेव्हा. अशा वेळी पायांतील अशक्तपणा किंवा झोकांड्या नेहमीच्या आजारपणाच्या खात्यावर टाकू नयेत, आणि रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा आकार घटतो आहे का, हेही पाहून घ्यावे.

ज्या कुत्र्याचे कॅल्शियम मुळातच कमी आहे आणि जो भांडे चाटूनपुसून साफ करतो, त्याला कॅल्शियम कार्बोनेट मानवेलही. तो निर्णय अर्थातच पशुवैद्यांचा. मूत्रपिंडाच्या आजाराच्या (चारपैकी) तिसऱ्या टप्प्यातील कुत्र्याचा रक्तातील फॉस्फरस दर डेसिलिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा असतो, आणि खाण्याची खात्री नसलेल्या जनावराच्या बाबतीत मी तरी आधी पुडीचाच विषय काढीन.