खोक्यातली कार्डं ऑब्सिडियनमध्ये: दिवाळीपासूनचा अनुभव

जुन्या विहिरी आणि बारवांवर मी टिपणं काढते. आजवर ती जाड कार्डांवर होती: एका कार्डावर एकच मुद्दा, वरच्या कोपऱ्यात विषय, खाली ग्रंथ आणि पान. गेल्या दिवाळीपासून हेच काम ऑब्सिडियन या टिपणं ठेवण्याच्या ॲपमध्ये चाललंय. मी खूश आहे, पण कार्डाची शिस्त सोडली नाही म्हणून.

ती शिस्त साधी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली हाती घेतलेला संस्कृत कोश अशाच चिठ्ठ्यांवर उभा आहे, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या! जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी जवळपास ९०,००० कार्डं क्रमांकांनी एकमेकांना जोडली होती. ऑब्सिडियनमध्ये दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या टिपणाचं नाव लिहिलं की दुवा तयार होतो, आणि त्या टिपणाला कुठून कुठून जोडलंय तेही दिसतं. खोक्यात ही उलटी नोंद हाताने करावी लागायची.

खरी कसरत मराठीची. शोध अक्षरं जुळवतो. 'विहीर' टाकलं तर 'विहिरीला' सापडत नाही, 'पाऊस' टाकलं तर 'पावसाचं' निसटतं. 'ॲ' तर दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच, शोधाला वेगळा. अक्षरं जुळवणाऱ्या कुठल्याही शोधात हे होणारच. त्यामुळे शीर्षकात शब्द कायम मूळ रूपात, एकवचनी ठेवते. बारव, पायविहीर अशी पर्यायी नावं टिपणाच्या माथ्यावर नोंदवते. वाक्यात दुवा देताना मूळ नावापुढे उभी रेघ मारून 'विहिरीला' लिहिलं की वाक्य मराठी राहतं आणि दुवा 'विहीर'कडेच जातो. मराठीत टिपणं काढणाऱ्या प्रत्येकाने ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांचे, उतारे मी चिकटवत नाही. कार्डावर जागा कमी, म्हणून वाचलेलं पचवून लिहावं लागायचं. तीच मर्यादा इथे मोबाइलच्या एका स्क्रीनची ठेवली आहे. ॲप दुव्यांचा जाळ्यासारखा नकाशा दाखवतं, तो देखणा आहे, कामाला येत नाही.

सगळं साध्या मजकुराच्या फायलींत, माझ्याच संगणकावर राहतं, हे फार मोलाचं. उद्या ॲप नसलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. वैयक्तिक वापर मोफत आहे, फोन आणि संगणकावरची टिपणं सारखी ठेवणारी कंपनीची सिंक सेवा घेतली तर पैसे पडतात.

बारवेवर उतरताना मात्र वहीच. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि पायऱ्यांचा आराखडा हातानेच नीट येतो. घरी आल्यावर त्या पानाचा फोटो टिपणाला जोडते. जुनी कार्डं सरसकट टाइप करत नाही. लेखासाठी जे लागतं तेवढंच बाहेर काढून नव्याने लिहिते.