गिल्ड वॉर्स २ मध्ये आठ वर्षांनी परत: लेव्हल ८० नंतर रमायचं कुठे? (नऊ महिन्यांचा अनुभव)

जानेवारीत लॅपटॉप साफ करताना गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेमच्या स्क्रीनशॉट्सचं जुनं फोल्डर सापडलं. शेवटचा फोटो मार्च २०१७ चा. त्यात माझा नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांना कामाला लावणारा मांत्रिक, लायन्स आर्च शहराच्या बँकेसमोर उभा, पिशव्या तुडुंब भरलेल्या. त्याच रात्री पासवर्ड बदलून घेतला, गेम उतरवला आणि आत गेलो. पठ्ठ्या अजून तिथेच उभा होता. फरक एवढाच, की आजूबाजूला सगळी दुनिया वाहनांवर. कुणी पालीसारख्या राप्टरवर, कुणी उंच उड्या मारणाऱ्या सशावर, कुणी थेट ड्रॅगनवर बसून डोक्यावरून जातंय. मी आपला पायी.

ही वाहनं, म्हणजे माउंट्स, आले २०१७ च्या सप्टेंबरात, पाथ ऑफ फायर या एक्स्पान्शनसोबत (एक्स्पान्शन म्हणजे गेमचा वेगळा विकत घ्यायचा नवा भाग). म्हणजे मी गेलो आणि सहा महिन्यांत बस आली.

हे लिहितोय ते मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी. एके काळी खेळून सोडलेलं, आता घर-नोकरीतून रात्री तास-दीड तास मिळतो, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की आता करायचं काय?

हा प्रश्न या गेममध्ये जरा जास्तच टोचतो. बहुतेक ऑनलाइन आरपीजींमध्ये नवं एक्स्पान्शन आलं की लेव्हलची मर्यादा वाढते, जुनं चिलखत भंगारात जातं, आणि नवं मिळवणं हाच उद्योग होऊन बसतो. इथे २०१२ मध्ये लेव्हल ८० वर थांबायचं होतं, आजही ८० वरच. चिलखत-शस्त्रांच्या असेंडेड दर्जाच्या वर आकड्यांनी काहीच नाही. लेजंडरी या सगळ्यात मानाच्या दर्जाचे आकडेही तेवढेच, फक्त स्टॅट (कशाची ताकद किती वाढवायची ते) हवे तेव्हा बदलता येतात. मी २०१६ मध्ये घासून घासून बनवलेला असेंडेड सेट पेटीतून काढला, अंगावर चढवला आणि तो आजही अव्वल. आठ वर्षं पेटीत ठेवलेला कोट अंगाला बसावा तसं वाटलं. पण गियरच्या मागे धावायचं नसेल तर धावायचं कशाच्या मागे, हे गेम सांगत नाही. ‘एंडगेमच नाही’, म्हणजे शेवटच्या लेव्हलनंतर करण्यासारखं काही नाही, म्हणत लोक निघून जातात. मीही २०१७ मध्ये हेच म्हणत गेलो होतो.

परत आल्यावर पहिले दोन महिने मी चुकीच्या ठिकाणी घालवले. ठरवलं, लेजंडरी करायची. माझा नेक्रोमॅन्सर रीपर प्रकारचा, त्याला शोभेल अशी तलवार म्हणून ट्वायलाइट. त्यासाठी डस्क ही मूळ तलवार लागते. शिवाय ७७ मिस्टिक क्लोव्हर, २५० एक्टोप्लाझम, २५० ऑब्सिडियन शार्ड, वरच्या दर्जाचं साहित्य प्रत्येकी २५०, मध्य टायरियाचा (गेमच्या मूळ दुनियेचा) नकाशा शंभर टक्के पूर्ण, आणि बरंच काही. मी एक्सेलमध्ये पत्रक केलं. किती जमलं, किती बाकी, रोज किती व्हायला हवं. मिस्टिक फोर्ज या नशिबाच्या भट्टीत एकेक क्लोव्हरसाठी साहित्य टाकायचं आणि तीनात दोनदा हात हलवत परत यायचं, त्याचाही हिशोब. एका रात्री बायको मागे येऊन उभी राहिली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “तू खेळतोयस की ऑडिट करतोयस?”

त्याला जोड विझार्ड्स व्हॉल्टची. ही २०२३ मध्ये आली. रोजची, आठवड्याची ठरावीक कामं करा आणि त्याबदल्यात चलन मिळवा. चांगली सोय आहे, क्लोव्हरसुद्धा तिथे विकत मिळतात. पण रोजची कामं बदलतात मध्यरात्री यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आदल्या रात्री राहिलेलं एक काम उरकायला मी खरोखर पाचला उठलोय. दूधवाला आला तेव्हा मी लाकडं तोडत होतो, गेममधली. दुसऱ्या दिवशी तसाच डोळे चोळत ऑफिसला. मार्चमध्ये हे बंद केलं. आता होतील ती कामं होतात.

त्या तलवारीचा एक फायदा मात्र झाला. तिला गिफ्ट ऑफ बॅटल लागतं आणि ते फक्त वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डमध्ये मिळतं. तिथे मी २०१७ पर्यंत एकदाही पाय ठेवला नव्हता. तीन बाजू, आठवडाभर चालणारी लढाई, किल्ले, भिंती, दारावर धडका देणारे रॅम. युरोपच्या सर्व्हरवर नवा सामना शुक्रवारी रात्री साडेअकराला आपल्या वेळेनुसार सुरू होतो, आणि तो अर्धा तास म्हणजे वारीतली गर्दी. कमांडरच्या डोक्यावर टॅग असतो, त्याच्या मागे चाळीस-पन्नास जण एका लयीत पळतात. मी ठार अडाणी. कमांडर वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं, रॅमसाठी सप्लाय आणून ओतायचा. एवढं केलं तरी चालतं. गिफ्ट ऑफ बॅटल केव्हाच मिळालं, पण मी अजून महिन्यातले दोन शुक्रवार तिथे असतो. पुण्यातून युरोपला माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर असतो. एकास एक लढाईत त्याने नाकी नऊ येतात, गर्दीत मात्र काही फरक पडत नाही. पीव्हीपीचं, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या संघांमधल्या सामन्यांचं, म्हणूनच काही लिहीत नाही. दहा-बारा सामने हरलो आणि सोडलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला ज्यात मजा सापडली ते म्हणजे नकाशांवरचे मोठे मेटा इव्हेंट, म्हणजे नकाशावरच्या सगळ्यांनी मिळून लढायच्या ठरलेल्या वेळच्या लढाया. हे काही नवं नाही. ऑरिक बेसिन हा २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्समधला नकाशा, मी तेव्हाही खेळलो होतो. पण तेव्हा त्याकडे ‘लूट मिळते’ एवढ्याच नजरेने पाहिलं. तिथला ऑक्टोव्हाइन, एक राक्षसी वेल, दर दोन तासांनी येतो, आणि त्यातली एक वेळ आपल्याकडे रात्री साडेदहाची. जेवण झालेलं, मुलगी झोपलेली. युरोपात तेव्हा संध्याकाळ, लोक नुकते कामावरून आलेले, त्यामुळे नकाशा भरतो.

टारिर नावाचं सोन्याचं शहर आहे. त्याच्या चार दिशांना चार तोंडं असलेली ही वेल विळखा घालून बसते. प्रत्येक तोंडावर ढाल, आणि ती काढायची तऱ्हा दिशेगणिक वेगळी. गंमत ही, की चारही तोंडं जवळजवळ एकाच वेळी मारावी लागतात. एक आधी मेलं आणि बाकीची वेळेत मेली नाहीत, तर मेलेलं परत उगवतं. म्हणून प्रत्येक दिशेचा कमांडर चॅटमध्ये आकडे टाकत राहतो. उत्तर ४०, दक्षिण २५, पूर्व ३०. ज्यांचं दहा टक्क्यांवर आलं त्यांनी हात आखडायचा आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहायची. शे-दीडशे अनोळखी माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि सगळे तलवारी म्यान करून शांत उभे. मग एकदम ‘मारा’.

पहिल्याच रात्री मी घाण केली. माझ्या नेक्रोसोबत फ्लेश गोलेम आणि हाडांचे दोन-तीन चेले होते. दक्षिणेला सगळे थांबले, मीही थांबलो, पण चेल्यांना कोण सांगणार? ते निष्ठेने ठोकत राहिले. नऊ, आठ, सात. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, ज्याचे मिनियन असतील त्याने कृपया लांब जावं. मी काय समजायचं ते समजलो आणि गोलेमला घेऊन पळत सुटलो. लोक हसले, कुणी शिव्या दिल्या नाहीत. आता तिथे जाताना चेले घरी ठेवून जातो.

हा सगळा प्रकार वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. आधी जाऊन खांबांची कामं केली तर तास. मग तळघरातल्या पेट्या, किल्ल्या, थोडीफार गंमत, आणि अकराला लॅपटॉप बंद. त्याच्या आधी हवं तर साडेनऊला स्पार्कफ्लाय फेनमध्ये टेक्वाटल असतो. पंधरा मिनिटांत मारायचा ड्रॅगन, त्याचं कडक कवच उतरवायला तोफा, आणि मध्ये मध्ये त्याला सोडून बॅटऱ्या वाचवायला धावायचं. हार्ड डिस्कवरच्या २०१३ सालच्या एका फोटोत आम्ही हॉस्टेलमधले तिघं त्याच्यासमोर मरून पडलेलो आहोत. तेव्हा तो जमतच नव्हता. आता सहज मरतो, तरी मी तोफेवर बसायची संधी सोडत नाही.

लॅपटॉप साधा असेल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. ग्राफिक्स सेटिंगमध्ये कॅरेक्टर मॉडेलची संख्या आणि दर्जा दोन्ही सगळ्यात खाली आणा. गर्दीत प्रोसेसरचा जीव जातो, ग्राफिक्स कार्डाचा तेवढा नाही.

फ्रॅक्टल्स या छोट्या, चढत्या अवघडपणाच्या मोहिमांबद्दल मत द्यायचं तर, आवडले, पण रोज नाही. पाच जणांची छोटी टोळी, १०० पायऱ्या, चार टप्पे. वर जाल तसा ॲगनी नावाचा त्रास वाढतो आणि तो सोसायला चिलखतात इन्फ्युजन बसवावे लागतात. सगळ्यात वर १५० इतका प्रतिकार लागतो. माझा जुना सेट इथे कामाला आला. दीड महिन्यात चौथ्या टप्प्यावर पोचलो. एका टोळीने दोन मिनिटांत काढून टाकलं, कारण माझा बिल्ड, म्हणजे कौशल्यांची जुळणी, २०१७ चा होता. राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. मधल्या काळात क्विकनेस आणि अलॅक्रिटी (टोळीचा वेग वाढवणारे दोन वर) कोण देणार हाच टोळी जमवायचा पाया झालाय, आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. चॅटमध्ये /wiki लिहून पुढे हवा तो शब्द टाकला की गेमचा स्वतःचा विकी उघडतो. तिथे दोन संध्याकाळ घालवल्या आणि मग निभावलं.

रेडचं, म्हणजे मोठ्या टोळीने मारायच्या अवघड बॉसच्या मोहिमांचं, मात्र जमलं नाही, आणि दोष वेळेचा. दहा जण लागतात. ‘अनुभवी हवेत’ असं लिहिलेल्या टोळ्यांत अनुभव नसल्यामुळे प्रवेश नाही आणि प्रवेश नसल्यामुळे अनुभव नाही, हा तर आपल्याला नोकरीच्या जाहिरातींपासून ओळखीचा प्रकार. शिकवणारे गिल्ड आहेत, मीही एकात गेलो. चांगली माणसं. त्यांचं सत्र युरोपच्या रात्री आठला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकराला. व्हेल गार्डियन हा पहिलाच बॉस. हिरवं वर्तुळ उमटलं की चौघांनी त्यात उभं राहायचं. राहिले नाहीत तर सगळ्यांनाच फटका. मला त्या चौघांत ठेवलं होतं. माझ्या खोलीला लागून आईची खोली, त्यामुळे माईक बंद, नुसतं ऐकायचं. दोन शनिवार पहाटे दीडपर्यंत जागलो तेव्हा तो मेला. हेडफोनमध्ये नऊ जण ओरडले आणि मी उशीत तोंड खुपसून. त्या आनंदाला तोड नाही, पण रविवारी दुपारी बारापर्यंत झोपलेला बाप घरात चालत नाही. तिथेच थांबलो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मासिक वर्गणी नाही, ही परत येणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी सोय. तीन महिने नाही खेळलात तरी काही बुडत नाही. एक्स्पान्शन विकत घ्यायची असतात. सगळी एकदम घेऊ नका, सेलची वाट पाहा. आधी पाथ ऑफ फायर घ्या. पहिल्याच कथाभागात राप्टर मिळतो आणि पायी चालण्याची पीडा संपते. आणि गेम २०२२ पासून स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) असला तरी जुनं खातं स्टीमच्या खात्याला जोडता येत नाही, त्यामुळे तिथून चुकून नवी खरेदी करून बसू नका.

पाथ ऑफ फायरची कथा संपली की ग्रिफॉन या उडणाऱ्या वाहनाच्या मागे लागा. त्याच्या वस्तूंना एकूण २५० गोल्ड लागतात, आणि मी ते ट्वायलाइटच्या साठ्यातून काढले. पत्रकात तो रकाना लाल झाला तो झालाच. ग्रिफॉन सुरुवातीला जड वाटतो, स्कायस्केलसारखा (ते ड्रॅगनचं वाहन) हवेत तरंगून राहत नाही. पण उंच कड्यावरून खाली सूर मारायचा, जमीन अगदी जवळ आली की वर खेचायचं, आणि तोच वेग घेऊन पुन्हा वर. क्रिस्टल डेझर्टमध्ये मी एकदा अर्धा तास फक्त हेच केलं. लूट शून्य.

रविवारी सकाळी लॅपटॉप मुलीकडे असतो. नऊ वर्षांची आहे, लढाईत तिला रस नाही. एंड ऑफ ड्रॅगन्स या एक्स्पान्शनमध्ये आलेली होडी आणि गळ तिला आवडतो. मासा ओढला की पट्टीमधल्या हिरव्या भागात त्याला धरून ठेवायचं असतं, ते ती माझ्यापेक्षा चांगलं करते. जँथिर वाइल्ड्स या एक्स्पान्शनमध्ये होमस्टेड मिळतं, म्हणजे स्वतःचं घर-अंगण आणि ते सजवायची सोय. माझ्या रीपरच्या अंगणात तिने ओळीने आठ बाकं मांडून शाळा केली आहे. वर्गात विद्यार्थी म्हणून माझाच दुसरा कॅरेक्टर उभा.

हॉस्टेलमधल्या त्या तिघांपैकी एकाला मे महिन्यात फोटो पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं, “अरे, तू अजून ते खेळतोस? संसार बिंसार आहे ना?” तो नागपूरला असतो, दोन मुलं, दुकान. जूनमध्ये त्यानेही पासवर्ड बदलून घेतला. लेजंडरीचं नाव काढायचं नाही, ही एकच अट मी त्याला घातली. ट्वायलाइटचे ४१ क्लोव्हर माझ्या बँकेत पडून आहेत आणि ते पत्रक मी एप्रिलपासून उघडलेलं नाही. दुकान बंद करून, जेवून तो सव्वादहाला मोकळा होतो. मग व्हॉट्सॲपवर दोनच शब्दांचा मेसेज येतो: “उत्तर की दक्षिण?”