डोळ्याचं पाणी थांबत नाही: टाक्याचं ऑपरेशन, दुर्बिणीतलं की लेझर?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अश्रुनलिका, म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळी, बंद असल्याचं अनेकांना मोतीबिंदूच्या तपासणीतच कळतं. डॉक्टर सांगतात, आधी नळीचं ऑपरेशन, मग मोतीबिंदूचं. हा क्रम मोडू नये. नाकाच्या बाजूच्या अश्रुपिशवीत साचलेला पू मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आत गेला तर नजर कायमची जाऊ शकते. त्यानंतर घरात चर्चा सुरू होते ती टाक्याची. चेहऱ्यावर व्रण नको, नाकातून दुर्बिणीनेच करा, असा आग्रह धरला जातो. आमच्या मते व्रण हा या निवडीतला सगळ्यात हलका मुद्दा आहे. अडथळा नेमका कुठे आहे, नाक आतून कसं आहे आणि ऑपरेशननंतर तुम्ही किती वेळा दवाखान्यात येऊ शकता, यावर खरी निवड ठरते.

आधी सिरिंजिंग

पापणीच्या नाकाकडच्या टोकाला, वर आणि खाली, टाचणीच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं. भुलीचा थेंब टाकून खालच्या छिद्रातून बोथट, बारीक सुईने मीठपाणी सोडतात. घशात खारट लागलं तर वाट मोकळी आहे. पाणी वरच्या छिद्रातून उलटून आलं आणि सोबत पू किंवा चिकट स्राव असला, तर अडथळा पिशवीच्या खाली आहे. डीसीआर, म्हणजे पिशवीतून थेट नाकात नवी वाट करण्याचं ऑपरेशन, याच रुग्णांसाठी असतं. सोडलेलं पाणी त्याच छिद्रातून स्वच्छच परत आलं, तर अडथळा पापणीतल्या बारीक नळीत असतो आणि तिथे नुसत्या डीसीआरने काम होत नाही. नळी पूर्ण बुजलेली असेल तर काचेची छोटी नळी कायमची बसवावी लागू शकते. पाणी सहज घशात उतरतं आणि तरीही डोळा गळतो, अशा वेळी सैल पापणी, ॲलर्जी किंवा डोळ्याचा कोरडेपणा तपासायला हवा. ही तपासणी न करताच ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर ती घेऊ नका.

तिन्ही पद्धतींत काय करतात

बाहेरून आणि दुर्बिणीतून, दोन्ही डीसीआरचं तत्त्व एकच आहे. पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड काढून अश्रूंना थेट नाकात उतरायला नवी वाट करायची. बंद पडलेली जुनी नळी कोणी उघडत नाही.

बाहेरून करताना नाक आणि डोळा यांच्यामध्ये साधारण एक ते दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, हाडात जवळपास तेवढीच खिडकी करतात आणि पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराला टाक्यांनी जोडतात. बहुतेक वेळा जागेवरच्या भुलीत तासाभरात होतं. टाके आठवड्याने निघतात. व्रण बहुतेकांच्या चेहऱ्यावर काही महिन्यांत सुरकुतीत मिसळून जातो. १९०४ पासून चालत आलेली ही पद्धत सरावाच्या हातात शंभरात नव्वदच्या वर यश देते.

दुर्बिणीतून करताना नाकात भूल आणि ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवून अस्तर आकसवतात, म्हणजे रक्त कमी येतं. चार मिलिमीटरची दुर्बीण आत जाते. पापणीच्या छिद्रातून प्रकाशाची बारीक तार घालून पिशवी कुठे आहे ते नाकातून पाहून घेता येतं. अस्तराचा पडदा उचलून हाड पंच नावाच्या चिमट्यासारख्या हत्याराने कुरतडत काढतात, वरचं जाड हाड ड्रिलने, आणि पिशवी उभी चिरून पुस्तकासारखी उघडून ठेवतात. नाकाचा पडदा वाकडा असेल तर त्याच वेळी सरळ करता येतो. पिशवीला गळू होऊन ती सुजली असतानाही सरावाचे सर्जन यातून पू मोकळा करून देऊ शकतात. बाहेरून करायचं तर आधी औषधाने सूज उतरायची वाट पाहावी लागते. अनुभवी हातात या पद्धतीचं यश बाहेरच्या ऑपरेशनच्या बरोबरीला येतं. 'अनुभवी' हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण हाड कमी काढलं तर पिशवीचा खालचा भाग डबक्यासारखा तसाच राहतो आणि पाणी पुन्हा साचतं.

लेझरची जाहिरात 'ना चिरा, ना टाका' अशी असते. पापणीच्या छिद्रातून तार घालून पिशवी आणि हाड जाळून भोक पाडतात. रक्त थोडं येतं, वेळ कमी लागतो. पण भोक लहान होतं, कडा भाजलेल्या असतात आणि अशा जागी व्रण धरून वाट बुजते. टिकाऊपणात लेझर बाकी दोन्हींच्या मागे आहे. रक्तस्राव अजिबात परवडणार नाही अशा रुग्णासाठी विचार करावा, एरवी नाही.

फुगा घालून रुंद करणं हे अर्धवट बंद नळीसाठी. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर पहिलं वर्षभर डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या बाजूने खाली दाबत मालिश करायचं. बहुतेक बाळांची नळी तेवढ्याने मोकळी होते.

कोणी काय निवडावं

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर नाकात खपल्या धरतात. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दोन-तीनदा जाऊन त्या साफ करून घ्याव्या लागतात. तसं केलं नाही तर नाकातले भाग एकमेकांना चिकटतात किंवा भोकाच्या तोंडाशी मांस वाढतं, आणि चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जातं. बेळगाव शहरातल्या माणसाला हे जड नाही. पण जांबोटी-कणकुंबीकडच्या आजींना भर पावसाळ्यात या फेऱ्या झेपतील का, ऊसतोडीच्या हंगामात कोणी सोबत येईल का, हे घरच्यांनी आधीच ठरवावं. फेऱ्या जमणार नसतील तर बाहेरून केलेलं डीसीआर अधिक भरवशाचं, असं आम्ही स्पष्ट सांगू.

अश्रूतून रक्त येत असेल किंवा डोळ्याच्या कोपऱ्याच्या वरच्या बाजूला टणक गाठ लागत असेल, तर ट्यूमरची शंका घेऊन आधी सीटी स्कॅन करावा. तिथे दुर्बिणीचा हट्ट धरू नये. फार वय झालेलं, हृदयाचं दुखणं असलेलं आणि फक्त मोतीबिंदूसाठी पू थांबवायचा असलेलं माणूस असेल, तर पिशवीच काढून टाकणारं छोटं ऑपरेशन, डीसीटी, पुरतं. पाणी मात्र येत राहतं, हे त्यांना आधी सांगावं.

निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्यांनी आणि तपकीर ओढणाऱ्यांनी कोणतीही पद्धत घेतली तरी जखम भरेपर्यंत ती धूळ आणि तपकीर नाकाजवळ आणू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन असं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर सर्जनला सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खर्च आणि कागद

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून खासगी रुग्णालयात नियोजित ऑपरेशन करायचं तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल आधी घ्यावं लागतं. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली आहे. कोल्हापूर किंवा मिरजेला जाणाऱ्यांनी आपलं गाव यादीत आहे का आणि हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारावं. नवी वाट बुजू नये म्हणून काहींना काही काळ घालतात ती सिलिकॉनची नळी आणि नंतरची नाकसफाई दरात धरली आहे का, तेही विचारा.

घरी आल्यावर

आठ-दहा दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. पहिल्या दिवशी गरम चहा नको, झोपताना डोकं उंच. सिलिकॉनची नळी घातली असेल तर ती साधारण सहा आठवडे ते तीन महिने राहते. तिचा फास डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर आला तर ओढू नका, कापू तर मुळीच नका. गालाला चिकटपट्टीने लावून दवाखाना गाठा. नाकातून थोडं लालसर पाणी एक-दोन दिवस येतं, पण ताजं रक्त पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर लगेच निघा.

काही महिन्यांनी पुन्हा पाणी सुरू झालं तर परत सिरिंजिंग आणि नाकाची दुर्बिणीने तपासणी करतात. वाट बुजली असेल तर दुसरं ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतून करता येतं, पहिलं बाहेरून झालेलं असलं तरी. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. नळी घातली होती का आणि ती कधी काढली, हे नव्या सर्जनला त्यातूनच कळतं.