बॅक्ट्रिया प्रांताचा इतिहास: मूळ साधने काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

प्राचीन इराणच्या हखामनी साम्राज्याच्या ईशान्य टोकाला बॅक्ट्रिया. राजधानी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले बल्ख. दक्षिणेला हिंदुकुश, उत्तरेला अमुदर्या आणि त्याही पलीकडे शकांचा गवताळ मुलूख. या सरहद्दीच्या प्रांताचा सलग असा प्राचीन इतिहास हाती नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत: पहिल्या दारियस राजाचा बेहिस्तूनचा शिलालेख, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची करयादी, सूसाच्या राजवाड्याचा लेख, पर्सेपोलिसच्या मातीच्या पाट्या आणि अरेमाइक भाषेतले कातड्यावरचे व लाकडावरचे कागद. ही पाचही साधने काही महिने एकमेकांशेजारी ठेवून वापरली. निकाल आधीच सांगतो: बहुतेक जण राजाच्या प्रांतयादीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पावत्या आणि हुकूम आधी वाचावेत, याद्या शेवटी.

सुरुवातीला दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिली म्हणजे नावे. हाच प्रांत जुन्या फारसीत बाख्त्रिश, एलामी पाट्यांत बाक्शिश, ग्रीकांत बाक्त्रा किंवा बाक्त्रियाने, अवेस्तात बाख्धी आणि आपल्याकडे बाह्लिक या नावाने येतो. एकाच नावाने शोधलेत तर निम्मा मजकूर हाती लागणार नाही. शेजारच्या गांधाराची गंमत तर याहून मोठी: बेहिस्तूनच्या फारसी मजकुरात 'गंदार' आहे, पण त्याच यादीच्या बाबिली मजकुरात त्या जागी हिंदुकुशाशी जोडलेले 'परुपरएसन्न' हे वेगळेच नाव आहे. मराठीतून 'क्षत्रप' (प्रांताचा सुभेदार) शोधणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. समोर येतात ते नहपान, नाशिकची पांडवलेणी आणि सातवाहनांशी झालेल्या लढाया. पदवी त्याच परंपरेतली, पण काळ पाचशेहून अधिक वर्षांनी पुढचा.

दुसरी गोष्ट तारखांची. कागदांवर फक्त राज्यवर्ष, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, असते आणि वर्ष बाबिली पंचांगातल्या नीसानमध्ये, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, सुरू होते. पहिल्या दारियससाठी 522 मधून राज्यवर्ष वजा करा, तिसऱ्या अर्तझर्क्सिससाठी 359 मधून, तिसऱ्या दारियससाठी 336 मधून आणि या भागातल्या अलेक्झांडरच्या कागदासाठी 331 मधून. येईल ते इसवी सनापूर्वीचे वर्ष. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांची (तेबेत, शेबात, अदार) तारीख असेल तर बहुतेक वेळा आणखी 1 वजा करावा लागतो, कारण तोवर जानेवारी उलटलेला असतो. ही वजाबाकी विसरली की हिवाळ्यातली घटना वर्षभर मागे जाते. पुढे अलेक्झांडरच्या मोहिमेशी ताळा घालताना मग काहीच जुळत नाही.

आता अरेमाइक कागद. सर्वांत उपयोगी साधन हेच. खलीली संग्रहात असे 48 दस्तऐवज आहेत, 30 कातड्यावर आणि 18 लाकडी काठ्यांवर. त्यांचे वाचन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. काळ साधारण इ.स.पू. 353 ते 324, म्हणजे हखामनी सत्तेची अखेर आणि अलेक्झांडरची सुरुवात. यातल्या पत्रांत अख्वमज्द हा वरिष्ठ अधिकारी खुल्मी इथल्या बगवंत या अंमलदाराला हुकूम पाठवतो. खुल्मी म्हणजे बल्खच्या पूर्वेचे आजचे खुल्म. अख्वमज्द क्षत्रप होता हे पत्रांत लिहिलेले नाही, हुकमाच्या भाषेवरून तसे मानले जाते. बगवंताची बाजू फारशी चांगली दिसत नाही: घेऊ नये तो कर त्याने उंटवाल्यांकडून घेतला, अशी तक्रार वर गेली आणि वरून त्याला समज मिळाली. पेशवे दप्तरातले रुमाल ज्यांनी चाळले आहेत त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल: तक्रार, दटावणी, हुकूम आणि खाली कारकुनाचे नाव.

सगळ्या संग्रहातले एकच पत्र वाचायचे असेल तर इ.स.पू. 348 च्या जूनमधले वाचा. निख्शपाय या गावाभोवती भिंत आणि खंदक बांधायचा हुकूम होता. तेवढ्यात टोळधाड आली आणि पीक कापणीला आलेले. भिंतीच्या कामावर लावलेली माणसे आधी सुगीला सोडावीत अशी विनंती बगवंताने केली. ती मान्य झाली, भिंत नंतर. पत्र एवढेच. पण निख्शपाय म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातल्या कार्शीचा परिसर. तो अमुदर्येच्या पलीकडे, सोग्दियानात येतो. बॅक्ट्रियातला अधिकारी नदीपलीकडच्या गावाची तटबंदी ठरवतोय, म्हणजे प्रत्यक्ष कारभारात ती नदी बॅक्ट्रियाची हद्द नव्हती. राजाच्या याद्यांत मात्र बॅक्ट्रिया आणि सोग्दियाना नेहमी स्वतंत्र नावांनी येतात. नुसत्या याद्यांवरून नकाशा रंगवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

काठ्यांचे काम वेगळे. तिसऱ्या दारियसच्या 3 ऱ्या वर्षातल्या, म्हणजे इ.स.पू. 333-332 मधल्या, या काठ्यांवर नावे शाईने लिहिलेली आहेत आणि आकडा खाचांनी कोरलेला आहे. आधी खाचा पाडायच्या, मग काठी उभी चिरायची आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकेक फाक ठेवायची. हिशेबाच्या वेळी दोन्ही फाका जोडल्या की नंतर पाडलेली खाच लगेच उघडी पडते. निरक्षर माणसालाही फसवता येणार नाही अशी ही पावती. इतिहासाच्या पुस्तकांत हिला दोन ओळीही मिळत नाहीत, ही तक्रार नोंदवून ठेवतो.

या कागदांच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. ते उत्खननात सापडलेले नाहीत, पुराणवस्तूंच्या बाजारातून आले. त्यामुळे कोणता कागद कोणाबरोबर, कोणत्या खोलीत होता हे कायमचे हरवले आहे. अरेमाइक लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून नावांचे उच्चार अभ्यासकांनी लावलेले असतात आणि दोन लेखांत एकच माणूस दोन नावांनी भेटतो. तिसरी अडचण सर्वांत त्रासाची: 'अर्तझर्क्सिस' म्हणजे कितवा, हे कागद सांगत नाही. बेसस (कागदावर 'बयस') बाक्त्राहून वर्नू या गावी निघाला तेव्हा त्याला दिलेल्या सामानाची एक लांबलचक यादी आहे. तारीख 'अर्तझर्क्सिसचे 1 ले वर्ष, किस्लेव महिना'. तिसऱ्या दारियसला ठार करून बेससने स्वतःच अर्तझर्क्सिस हे नाव घेतले होते. तो अर्थ घेतला तर ही इ.स.पू. 330 ची नोव्हेंबर-डिसेंबरची नोंद ठरते: अलेक्झांडर हिंदुकुश ओलांडण्याच्या काही महिने आधीची, आणि बंडखोर राजाच्या कोठारातून निघालेली. चौथा अर्तझर्क्सिस धरला तर ती सात वर्षे मागे जाते आणि बेसस तेव्हा नुसता अधिकारी उरतो. आमचा कल पहिल्या अर्थाकडे आहे. पण या एका यादीवर पूर्ण प्रकरण उभारू नये.

पर्सेपोलिसच्या पाट्यांचा स्वभाव निराळा. 1933-34 च्या उत्खननात मिळालेल्या या एलामी पाट्या पहिल्या दारियसच्या 13 व्या ते 28 व्या वर्षांतल्या, म्हणजे इ.स.पू. 509 ते 493 च्या आहेत. त्यातल्या 2,087 पाट्यांचे वाचन 1969 मध्ये छापले गेले आणि आजही काम त्यांच्यापासूनच सुरू करावे. प्रवासी शिध्याची पाटी एका ठरीव साच्यात असते: किती पीठ, कोणाला, रोजचे माप, परवाना कोणाचा, निघाले कुठून, जाणार कुठे, महिना, वर्ष, शिक्का. माप असे: 10 का म्हणजे 1 बार, आणि 1 का साधारण एक लिटरच्या आसपास. साध्या माणसाला दिवसाला बहुधा दीड का पीठ मिळे, पोरांना 1 का.

पाटी हाती आली की आधी बेरीज करून बघा. 23 व्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातली, म्हणजे इ.स.पू. 499 च्या वसंतातली, एक पाटी घ्या. अब्बतेमा नावाचा मोठा माणूस हिंदुश (सिंधूकाठच्या) प्रांतातून सूसाकडे निघाला आहे, राजाचा परवाना आहे, बरोबर वाटाड्या आहे. त्याचे रोजचे 7 बार, सोबतच्या 20 मानकऱ्यांचे प्रत्येकी 2 का. म्हणजे 40 का, अर्थात 4 बार. 7 आणि 4 मिळून 11, आणि पाटीवर 11 बारच दिलेले आहेत. म्हणजे हा एका दिवसाचा, एका ठाण्यावरचा शिधा. पूर्ण प्रवासाचा खर्च समजून यावरून लांबी काढणारे लोक भेटतात, म्हणून ही बेरीज सोडू नका. एका माणसाच्या नावे 70 का पीठ निघते तेव्हा ते एकट्या पोटासाठी नसते हेही उघड आहे. मानाप्रमाणे मिळणारे ते रेशन, त्यातून नोकरचाकर पोसायचे.

बॅक्ट्रियासाठी याच साच्यातल्या पाट्यांत इर्दबानुश हा परवाना देणारा अधिकारी दिसतो आणि तो तिथला क्षत्रप मानला जातो. पण एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. हे दप्तर पर्सेपोलिसच्या परिसराचे आहे. बल्खहून निघालेला माणूस आपल्याला दिसतो तो वाटेच्या अगदी शेवटी, फार्समधल्या ठाण्यांवर. मधल्या ठाण्यांच्या पाट्या आपल्याकडे नाहीत. तशी ठाणी पूर्वेलाही होती याचा दुवा जुन्या कंदाहारच्या उत्खननात मिळाला. तिथे एलामी पाट्यांचे तुकडे सापडले, म्हणजे हाच जमाखर्च अरखोसियातही, म्हणजे कंदाहारच्या प्रांतातही, चाले.

इतके वाचून मगच बेहिस्तूनकडे वळा, आणि तिथे लढायांच्या वर्णनापेक्षा एका वाक्यावर थांबा. मर्गियानात, आजच्या मर्वच्या भागात, फ्राद नावाच्या माणसाने बंड केले. दारियसने बॅक्ट्रियाचा क्षत्रप दादर्शी याला पाठवून ते मोडले. प्रकरणाच्या शेवटी दारियस म्हणतो, हे मी बॅक्ट्रियात केले. मर्गियाना बॅक्ट्रियाच्या अंमलाखाली होता याचा हा सरळ पुरावा आहे, आणि निख्शपायच्या पत्राशी तो बरोबर जुळतो. पश्चिमेला मर्व, उत्तरेला कार्शी: बॅक्ट्रियाचा क्षत्रप एवढ्या टापूवर हुकूम चालवत होता. सावधगिरी एकच. या शिलालेखात दादर्शी दोन आहेत. एक आर्मेनियाचा, तो आर्मेनियातच लढतो. दुसरा पर्शियन, तो आपला. नाव शोधून उतारे गोळा करणाऱ्यांच्या टिपणांत या दोघांचा हमखास एक माणूस होतो.

सूसाच्या लेखात राजवाड्याच्या सामानाची यादी आहे: सोने सार्डिस आणि बॅक्ट्रियातून, लाजवर्द आणि अकीक सोग्दियानातून, फिरोजा ख्वारेझमातून. लाजवर्दाची जुनी प्रसिद्ध खाण बदख्शानात सर-इ-संग इथे आहे. तो भाग भूगोलाने बॅक्ट्रियाकडचा मानतात, तरी श्रेय सोग्दियानाला दिलेले आहे. या लेखावरून हद्दी ठरवू नयेत, एवढेच त्यातून घ्यावे.

राहिला हिरोडोटस. त्याच्या 20 विभागांच्या यादीत बॅक्ट्रियाचा 12 वा विभाग 360 टॅलेंट (वजनाचे माप, 60 मिनांचे) चांदी देतो. हा आकडा जिथे तिथे छापला जातो, म्हणून तो तपासून पाहू. चांदी देणाऱ्या 19 विभागांची बेरीज 7,740. त्यातले सिलिशियाचे (आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला विभाग) 140 तिथल्याच घोडदळावर खर्च होत, उरले 7,600. हे बाबिली टॅलेंट. ग्रीकांच्या युबियन टॅलेंटमध्ये बदलायला तो स्वतः एका बाबिली टॅलेंटला 70 युबियन मिनांचा भाव देतो. 7,600 गुणिले 70 भागिले 60 केले की 8,867 च्या आसपास येतात, आणि त्याचा शेवटचा आकडा जुळत नाही. भाव 78 धरा: बरोबर 9,880. त्यात भारताचे 360 टॅलेंट सोने 13 पटीने, म्हणजे 4,680 मिळवा: 14,560, जी त्याने दिलेली एकूण रक्कम आहे. म्हणजे हस्तलिखितात 70 हा भाव चुकून आला असावा. चांदीच्या बेरजेचा 9,540 हा आकडाही नकलेत बिघडलेलाच, कारण त्यात 4,680 मिळवले तर 14,220 च होतात. बेरीज दुरुस्त झाली तरी शंका उरतेच: 360 हा आकडा बॅक्ट्रियाला, तिसऱ्या विभागाला, भारताला आणि सिलिशियाकडून राजाला जाणाऱ्या हिश्शाला, असा चार ठिकाणी येतो. वर सिलिशिया 360 पांढरे घोडेही देतो. वर्षाच्या दिवसांवर बेतलेला हा आकडा प्रत्यक्ष वसुलीचा म्हणून वापरू नका. विभागांचा क्रम आणि कोणते लोक कोणाबरोबर जोडले आहेत, तेवढ्यासाठी यादी ठीक.

उत्खननाबद्दल थोडक्यात: बल्खमध्ये हखामनी थर नंतरच्या वस्तीखाली फार खोल गेले आहेत, पण तेपे जरगरान इथे ते लागले आहेत. पूर्व बॅक्ट्रियातले कालवे हखामनींच्या आधीपासूनचे आहेत. ते पर्शियनांनी खणले, हे जुने विधान आता सोडून द्यावे.

पाट्या इ.स.पू. 493 ला थांबतात आणि पत्रे 353 ला सुरू होतात. मधल्या 140 वर्षांसाठी उरतात ग्रीक कथा: पहिल्या दारियसनंतरचा राजा झर्क्सिस याचा भाऊ मसिस्तेस आपल्या बॅक्ट्रिया प्रांतात बंड उभारायला निघाला आणि वाटेत मारला गेला, झर्क्सिसचा खून झाला तेव्हा त्याचा मुलगा हिस्टास्पिस बॅक्ट्रियात होता, पहिल्या अर्तझर्क्सिसला तिथले बंड मोडायला दोन लढाया लढाव्या लागल्या. यातून राजघराण्यातला माणूस तिथे नेमण्याची पद्धत दिसते, आणि ती पटण्यासारखी आहे. प्रसंगांचा तपशील मात्र दरबारी गप्पांच्या पातळीवरचा आहे. दुसऱ्या टोकाला संग्रहातला शेवटचा मोठा हिशेब ठेवा. तारीख सिवान 15, अलेक्झांडरचे 7 वे वर्ष, म्हणजे 8 जून 324. मजकूर जवाच्या वाटपाचा. भाषा अरेमाइक, महिने बाबिली, माणसे वख्शूच्या, म्हणजे अमुदर्येच्या देवाच्या, नावांची. वरचा राजा बदलून सहा वर्षे झाली होती आणि हिशेबाचा कागद तोच राहिला होता.