पडक्या किल्ल्याच्या भिंतीचा माथा: चुन्यात दगड बसवायचे की गवत?

पडक्या किल्ल्याची भिंत वाचवायची म्हटलं की लोक आधी समोरच्या दरजा भरायला घेतात, पण खरं दुखणं वर असतं. छप्पर गेलेलं, माथा उघडा, आणि जाड भिंत म्हणजे दोन बाजूंना दर्शनी दगड नि मधे चुन्यातल्या दगडगोट्यांचा भराव, त्यात वरून पाणी शिरतं, चुना धुवून नेतं आणि मग भिंतीला पोट येतं. थंड मुलखात आणखी ताप, पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं.

पहिला पर्याय, माथ्यावरचे सुटे दगड काढून (आधी फोटो, नंबर टाका हं) चुन्यात परत बसवायचे, उतार असा की पाणी कुठं साचणार नाही. अरुंद किंवा वारा खाणाऱ्या भिंतीला हेच बरं. वांधा एवढाच की उन्हाथंडीनं बारीक भेगा पडतातच, पाणी परत आत, शिवाय उतारावरचं पाणी खालच्या दगडांवर ओघळत राहतं. म्हणजे काही वर्षांनी परांची आलीच.

दुसरा, माती आणि त्यावर मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्या. उलटं वाटतं ना, आपण तर भिंतीवरची झाडं उपटत असतो! पण दगड फोडतात ती झुडपांची जाड मुळं, गवताची बारीक आणि वरच्यावर असतात. हा थर पाऊस शोषून हळूहळू सोडतो आणि खालच्या दगडावर गोधडीसारखा पडून राहतो, त्यामुळे गोठणं-वितळणं कमी. इंग्लंडमधे पडक्या मठांच्या भिंतींवर याच्या चाचण्या झाल्यात. पण माथा रुंद हवा, आणि लांब कोरड्या उन्हाळ्यात गवत जळतं. झुडपांची रोपं दरवर्षी उपटावीच लागतात, तो कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर रुंद माथ्याला गवत, कडा नि कोपऱ्यांना चुन्यातले दगड, एकाच भिंतीवर दोन्ही चालतं. फक्त गवताखालचे सैल दगडही आधी पक्के करा.

सिमेंट मात्र दोन्हीकडे नको. ते दगडापेक्षा कडक, ओल अडवतं, मग दरज शाबूत आणि दगडाचेच पापुद्रे निघतात. नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानं घट्ट होणारा) 2, 3.5 आणि 5 अशा ताकदीत मिळतो, मऊ दगडाला 5 घेऊ नका, जास्त म्हणजे चांगलं असं इथं नसतं. आणि काम थंडीच्या बरंच आधी उरका, 5 अंशांखाली चुना नीट धरत नाही. काम झाल्यावर चुना धरेपर्यंत ओलं गोणपाट टाकून ठेवा.