प्रिंटरवाल्या 'कस्टमर केअर'ने ८८,७४९ रुपये नेले, वाचा आणि घरच्यांना पण सांगा

प्रिंटर ऑफलाइन दाखवत होता, मुलीच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म काढायचे होते, म्हणून गुगलवर कंपनीचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवला. वरची ती बऱ्याचदा जाहिरात असते, कंपनीची साइट नसते, पण घाईत कोण बघतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, रिमोटचं अ‍ॅप (लांबून आपला कॉम्प्युटर चालवायचं) टाकायला लावलं, त्यातला नंबर मागितला, माउस आपोआप फिरायला लागला. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या, "सर, हॅकर घुसा है." अहो, त्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात!

मग म्हणे १० रुपये रजिस्ट्रेशन, नेटबँकिंगनेच भरा. इथेच फोन आपटायला हवा होता. प्रिंटरच्या ड्रायव्हरला माझी नेटबँकिंग कशाला?? पण आमचे ऑफिसचे आयटीवाले रोज अशीच स्क्रीन घेतात, सवय झालेली, आणि १० रुपयांत कोण काय लुटणार. भरले, स्क्रीन काळी. "अपडेट चालू है, टच मत कीजिए." आणि मी खरंच हात बांधून बसलो.

तेवढ्यात ४८,७५० गेले. ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही. मोबाईलचे मेसेज माझ्या ब्राउझरमध्येही उघडे असतात, त्याने तिथूनच वाचला. तुमचे असतील तर आत्ता लॉगआउट करा.

बँकेला लगेच फोन केला तर त्यांनी कार्ड ब्लॉक केलं आणि नेटबँकिंग चालूच ठेवलं, की अजून ३९,९९९ गेले! कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर आहे, ते मॅनेजरला दाखवलं तर म्हणे "ओटीपी पडलाय म्हणजे तुमची संमती." कसली संमती? पोलीस स्टेशनमध्ये म्हणे ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग इथे कशाला आलात, नंतर म्हणे साहेब बंदोबस्तात आहेत, नंतर म्हणे शिकलेले दिसता तरी कसे फसता. चोराला सोडून माझीच उलटतपासणी.

असं झालं तर आधी नेटची वायर उपटा, मग दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका. भाच्याने बघितलं तर त्या अ‍ॅपमध्ये कायमचा पासवर्ड टाकून ठेवलेला, म्हणजे कॉम्प्युटर चालू केला की तो हवं तेव्हा घरात. डेस्कटॉपवर आधार, पॅन, बायकोचे मेडिकल रिपोर्ट, सगळं उघडं होतं. पैशांचा आकडा तरी कळला, त्यातलं काय काय कॉपी केलं ते कोण सांगणार? बँकेकडून ३० दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल) जातोय, ते ३९,९९९ तर मी सोडणार नाही.